दहा बाय बाराची शोभा
(लहान घराच्या सजावटीचा एक अभ्यास)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी माणसे आपले घर खरोखरच बांधीत असत. जोते किती उंच घ्यावे, ओटी कोणीकडे काढावी, देवघर कोठे असावे हे घरधनी आणि गवंडी मिळून ठरवीत. मुंबईत घर बांधले जात नाही, ते मिळते. भिंत कोठे, खिडकी कोठे, मोरी किती रुंद, हे सारे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरविलेले असते. आपल्या हाती उरते ती केवळ आतली मांडणी. म्हणूनच गृहसजावट हा श्रीमंतांच्या चैनीचा विषय आहे, ही समजूत बरोबर नाही. ज्याच्या घरात जागा भरपूर आहे त्याने वस्तू कशाही ठेवल्या तरी त्याचे चालते. ज्याच्या घरात जागा नाही त्याला मात्र प्रत्येक फुटाचा विचार करावा लागतो. सजावटीच्या शास्त्राची खरी गरज लहान घरालाच आहे.

प्रस्तुत लेखात हा विचार आपल्या विक्रोळीतील घरे डोळ्यांसमोर ठेवून मांडावयाचा आहे. वस्तूंचे भाव दर वर्षी बदलतात, म्हणून येथे रुपयांऐवजी फूट आणि इंच दिले आहेत. मापे बदलत नाहीत; आणि माप नीट घेतले की पैसा आपोआप वाचतो, असे दिसून येईल.

१. विक्रोळीची घरे

विक्रोळीच्या पूर्वेस कन्नमवारनगर व टागोरनगर या दोन मोठ्या वसाहती आहेत. पहिलीस चंद्रपूरकडचे नेते व महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नाव आहे. ते १९६२ साली मुख्यमंत्री झाले व १९६३ साली त्या पदावर असतानाच निवर्तले. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी गृहनिर्माण मंडळाने या वसाहती उभारल्या. पुढे १९७७ मध्ये निरनिराळी मंडळे एकत्र करून म्हाडाची स्थापना झाली आणि या इमारतींचा कारभार तिच्याकडे आला. पश्चिमेस पार्कसाइटची वस्ती टेकडीच्या कडेने वर चढली आहे. रेल्वेच्या दोन्ही बाजूंस गोदरेजचा विस्तीर्ण परिसर आणि त्यांच्या कामगारांची वसाहत आहे. त्यापलीकडे खाडीपर्यंत खारफुटी.

या वसाहतींतील जुने घर म्हणजे साधारणपणे एक खोली, लगत लहानसे स्वयंपाकघर, मोरी, आणि नशीब असेल तर हातभर सज्जा. आता जुन्या इमारती पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहात आहेत, आणि अनेक कुटुंबे थोड्या मोठ्या घरांत जात आहेत. तरी ‘मोठे’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घराचे चटईक्षेत्र प्रथम २२५ चौरस फूट होते. ते पुढे २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. तेथील पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. तेव्हा आपल्या पिढीचे आयुष्यही बहुधा लहान घरातच जाणार आहे, हे गृहीत धरून विचार करणे शहाणपणाचे.

२. एक खोली, चोवीस तास

बंगल्यात दिवाणखाना, शयनगृह, भोजनगृह अशा वेगवेगळ्या खोल्या असतात. आपल्याकडे या सर्व खोल्या असतातच, फक्त त्या एकाच जागी एकामागून एक येतात. पहाटे पाच वाजता जी खोली शयनगृह असते ती सातला डबे भरण्याची जागा होते. दहाला ती आजीची देवपूजेची व विश्रांतीची खोली, दुपारी शिवणकामाची, संध्याकाळी शाळकरी मुलांचा वर्ग, आठला भोजनगृह आणि अकराला पुन्हा शयनगृह. मध्ये पाहुणा आला तर अर्ध्या तासापुरती ती दिवाणखाना असते.

एवढ्या भूमिकांपैकी आपण सजावट कोणत्या भूमिकेसाठी करतो? बहुतेक घरांत ती दिवाणखान्याची, म्हणजे दिवसातील त्या अर्ध्या तासाची करतात. सोफासेट, टीपॉय, काचेची शोकेस आणि तीत ठेवलेले, कधीही न वापरलेले कपबशांचे संच हे सारे पाहुण्यांसाठी. बाकीचे साडेतेवीस तास घरातील माणसे त्या सोफासेटला वळसा घालून वावरतात. या लेखाचे मुख्य म्हणणे येथेच सांगून टाकतो. लहान घराची सजावट तेथे राहणाऱ्यांसाठी करावी, आणि घरात ज्याला सर्वांत कमी जागा मिळते त्याच्यापासून तिची सुरुवात करावी.

३. जमिनीचा हिशेब

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. शाळेत वापरतो तो आलेखकागद घ्यावा. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट असे प्रमाण धरून खोलीचा नकाशा काढावा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला दहा बाय बारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढी जागा लागेल. दार, खिडकी व विजेचे पॉइंट दाखवावेत. दार ज्या बाजूला उघडते तिकडे पाव वर्तुळ काढावे, कारण तेथे काहीही ठेवता येत नाही. मग जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून पलंग, कपाट, टेबल यांचे तुकडे त्याच प्रमाणात कापावेत आणि नकाशावर सरकवून पाहावेत. खऱ्या लोखंडी कपाटाला सरकविण्यास चार माणसे लागतात. पुठ्ठ्याच्या कपाटाला एक बोट पुरते.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. आपल्या खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट आहे. तीन माणसांचा सोफा सहा बाय अडीच फूट, म्हणजे १५ चौरस फूट. अडीच बाय अडीचच्या दोन खुर्च्या मिळून साडेबारा. तीन बाय दीडचा टीपॉय साडेचार. एकट्या सोफासेटने ३२ चौरस फूट, म्हणजे खोलीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग घेतला. सहा बाय सव्वा फुटाची शोकेस साडेसात, लोखंडी कपाट सुमारे साडेचार, सहा बाय तीनचा पलंग अठरा. एकूण बेरीज ६२. दाराचे सात चौरस फूट वजा करता ५१ उरले. घरात माणसे पाच. एक पलंगावर, एक सोफ्यावर निजले तरी तिघे जमिनीवर. प्रत्येकी सहा बाय अडीच, म्हणजे ४५ चौरस फूट हवेत. कागदावर गणित सुटते, पण प्रत्यक्षात सुटत नाही, कारण हे ५१ फूट एकसंध नसतात. ते सोफा व पलंग यांच्या फटींत वाटलेले असतात. म्हणून रोज रात्री टीपॉय सोफ्यावर, खुर्ची खुर्चीवर चढते आणि रोज सकाळी उतरते.

आता दुसरी मांडणी पाहा. सहा बाय अडीचचा, खाली पेटी असलेला एक दिवाण १५ चौरस फूट. लोखंडी कपाट साडेचार. बस्स. बसण्यासाठी दिवाण, भिंतीला टांगलेल्या दोन-तीन घडीच्या खुर्च्या आणि एक चांगली सतरंजी. लिहिण्यासाठी भिंतीला बिजागरीने जोडलेली तीन बाय दीडची फळी, जी काम संपताच खाली पडून भिंतीला चिकटते. व्यापलेली जागा वीस फुटांच्या आत. मोकळी जागा दार वजा जाता नव्वदहून अधिक. चौघे जमिनीवर निजले तरी साठ फुटांत भागते आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याला कोणाच्या अंगावर पाय न देता जाता येते. खर्चही पहिल्या मांडणीच्या मानाने पुष्कळच कमी.

४. पूर्वजांची युक्ती

ही दुसरी मांडणी कोणाला परदेशी मासिकातील वाटेल. वस्तुतः ती आपल्या जुन्या घरांचीच आहे. कोकणातील किंवा देशावरील घरात जमिनीवर कायम मांडलेले सामान फार थोडे असे. भिंतीच्या जाडीत कोनाडे व फडताळे असत. त्यांना जमिनीची एक तसूही लागत नसे. कपड्यांसाठी खुंट्या व वलणी. धान्यासाठी उतरंड, म्हणजे मोठ्यावर लहान अशी मडक्यांची चळत. एका मडक्याच्या जागेत सहा-सात मडकी उभी राहात. दूधदुभते शिंक्यावर. बसावयास पाट, जेवण झाले की तेच पाट भिंतीला टेकून उभे. अंथरुणाची सकाळी वळकटी होई. ‘वरची जागा वापरा आणि वस्तू मिटवून ठेवा’ हे तत्त्व आपल्या आज्यांना ठाऊक होते. पाश्चात्त्य पद्धतीचे जड फर्निचर आले, तेव्हा ते मोठ्या खोल्यांसाठी घडविलेले होते. आपण फर्निचर घेतले; खोल्या मात्र लहानच राहिल्या.

जपानमध्ये हेच तत्त्व फार सूक्ष्मपणे पाळले गेले. तेथे खोली ‘इतक्या चटयांची’ अशी मोजतात. सहा चटयांची खोली साधारण शंभर चौरस फुटांची, म्हणजे आपल्या खोलीहून थोडी लहानच. दिवसा गाद्या भिंतीतील कपाटात जातात आणि खोलीत एक बुटके मेज उरते. विसाव्या शतकातील थोर वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए, ज्यांनी चंदीगड शहराची रचना केली, त्यांनी १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या समुद्रकिनारी स्वतःसाठी एक लाकडी झोपडी बांधली. तिचे आतले माप ३.६६ मीटर चौरस, म्हणजे बरोबर बारा फूट बाय बारा फूट. तीत झोपण्याची, लिहिण्याची व सामानाची सोय त्यांनी भिंतीलगत बसविली होती. अर्थात तेथे स्वयंपाकघर नव्हते, जेवण शेजारच्या खानावळीत होई, आणि राहणारी माणसे दोनच होती, हेही सांगितले पाहिजे. आपल्या गृहिणींचे कौशल्य त्याहून अवघड परीक्षा रोज देत असते.

५. विक्रोळीचे कपाट

पोलादी कपाटाबद्दल थोडे स्वतंत्र लिहावयास हवे, कारण ते विक्रोळीशी निगडित आहे. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास सुरुवात केली. पुढे त्यांचा कारखाना विक्रोळीस आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या येथेच तयार झाल्या, हे आपल्या गावाचे एक भूषण. ते कपाट महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात लग्नाच्या वेळी येई आणि मग पिढ्यान्पिढ्या टिके.

आता नव्या घरात जाताना ‘हे जुने धूड नको’ म्हणून ते भंगारात देण्याची घाई होते आणि त्याच जागी कर्जाने घेतलेले प्लायवूडचे कपाट येते. वास्तविक खाडीजवळच्या दमट हवेत लाकडी कपाटाला बुरशी व वाळवी यांचे भय असते. चांगल्या पोलादाला ते नसते. जुना रंग पॉलिशपेपरने घासून, गंजविरोधक अस्तर देऊन, भिंतीच्याच रंगाचा हात दिला की तेच कपाट डोळ्यांत भरेनासे होते. लहान खोलीत मोठी वस्तू लपवावयाची असेल तर तिला भिंतीचा रंग द्यावा, हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. कपाटाच्या माथ्यावर सुटकेसांचा डोंगर दिसत असेल तर तेथे छतापर्यंत एक साधा पडदा लावावा. पडदा एक मीटरचा, परिणाम मोठा.

६. भिंत, रंग आणि उजेड

लहान घर लहान वाटते याचे अर्धे कारण अंधार हे असते. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग परत खोलीत पाठविते. गडद निळी वा तपकिरी भिंत एक-पंचमांशही परत देत नाही. म्हणून छत नेहमी शुभ्र ठेवावे आणि भिंतींना पांढरा, मोतिया किंवा फिकट पिवळा यांपैकी एकच रंग द्यावा. चार भिंतींना चार रंग दिल्यास डोळा प्रत्येक कोपऱ्यावर अडखळतो. ठळक रंगाची हौस असेल तर ती उशीच्या अभ्र्यावर भागवावी. अभ्रा बदलणे सोपे असते.

रंग केव्हा द्यावा, यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे गणपतीपूर्वी रंग काढण्याची प्रथा आहे. पण श्रावण-भाद्रपदात नैऋत्येचा पाऊस झेलणाऱ्या भिंती आतून ओल्या असतात. त्यांवर रंग दिला की दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात आणि दुसऱ्यांदा खर्च येतो. एप्रिल-मे महिन्यांत भिंत सर्वांत कोरडी असते. रंगकामाचा खरा मुहूर्त तोच. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यापासून कपाट दोन इंच पुढे ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळेल. ओल बाहेरून येत असेल तर आतून कितीही महाग रंग लावला तरी तो फुकट जातो; आधी बाहेरचा गिलावा व पाण्याचा पाइप पाहावा.

आरसा खिडकीच्या काटकोनातील भिंतीवर लावल्यास तो उजेड खोलीच्या आतल्या भागात टाकतो. खिडकीत सामान रचू नये. पूर्वीच्या चाळीस वॅटच्या ट्यूबचे काम आता वीस वॅटची एल.ई.डी. पट्टी करते. पण छतावरील एकच दिवा सर्वांना सारखाच गैरसोयीचा असतो. अभ्यास करणाऱ्याला तो अपुरा आणि झोपणाऱ्याला तो जाचक. म्हणून लिहिण्याच्या फळीवर एक लहान स्वतंत्र दिवा असावा. रात्री एकाने वाचावे आणि चौघांनी झोपावे, ही सोय त्या एका दिव्याने होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तो डाव्या बाजूस लावावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

७. लाकूड आणि कापड

सुताराला बोलावण्यापूर्वी त्याच्या मालाची थोडी माहिती असावी. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारण कामाच्या प्लायवर आय.एस. ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवर आय.एस. ७१० असा शिक्का असतो. स्वयंपाकघर व मोरीलगत दुसऱ्या प्रकारचा घ्यावा. बाहेरच्या खोलीत पहिल्याने भागते. बिनशिक्क्याचा स्वस्त माल दोन पावसाळ्यांत फुगतो.

एका तक्त्यातून काय होते ते पाहा. नऊ इंच रुंदीच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने काढल्या तर आठ फुटांच्या पाच पट्ट्या, म्हणजे चाळीस फूट फळी निघते. आपल्या खोलीच्या दोन लहान व एक मोठी अशा तीन भिंती मिळून बत्तीस फूट होतात. याचा अर्थ असा की एका तक्त्यात तीन भिंतींवरून दाराच्या वरच्या उंचीने फिरणारी अखंड फळी होऊन वर आठ फूट तुकडे शिल्लक राहतात. सुमारे चोवीस चौरस फुटांची ही जागा जमिनीचा एक इंचही न घेता मिळते. पुस्तके, जुन्या वह्या, सणावाराची भांडी, गणपतीचे मखर सारे तेथे जाते. फळी अठरा मिलिमीटर जाडीची असावी आणि दर दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेट असावे, नाहीतर पुस्तकांच्या ओझ्याने ती मध्ये वाकते. जड सामान डोक्याशी झोपणाऱ्याच्या वर ठेवू नये.

स्वस्तात मिळणारी सर्वांत मोठी शोभा कापडाची असते. आईच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी दिवाणावर टाकली तर ती कोणत्याही दुकानी चादरीपेक्षा देखणी दिसते, कारण तशी दुसरी कोठेच नसते. सोलापुरी चादर भिंतीवर आडवी टांगली तर तीच चित्राचे काम करते. खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे अभ्रे होतात. पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्यावे, तेव्हाच चुण्या नीट पडतात. कमी घेतल्यास पडदा टॉवेलासारखा दिसतो. तो खिडकीपुरता न ठेवता जमिनीपर्यंत सोडला तर छत उंच भासते. धारावीच्या कुंभारवाड्यातील एक मातीची कुंडी आणि तीत लावलेले मनीप्लँट यांनी सज्जाला बाग म्हणण्याइतकी शोभा येते. वारली चित्रांची आता सर्वत्र चाल आहे. छापील वारली चित्राचे महाग पोस्टर आणण्यापेक्षा ही कला कोठून आली हे समजून घ्यावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली स्त्रिया लग्नाचा चौक काढीत आल्या; जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि जगापुढे आणली. आपल्या घरात एकच चित्र असावे, पण ते कोणीतरी हाताने काढलेले असावे, एवढा आग्रह धरता येईल.

८. ओट्याजवळचा हिशेब

बाहेरची खोली सजते आणि स्वयंपाकघर तसेच राहते, हे दृश्य आपल्याकडे सर्रास दिसते. तेथे पाहुणा जात नाही ना! परंतु घरातील एक व्यक्ती दिवसाचे कित्येक तास तेथेच उभी असते.

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या गेल्या. त्यांसाठी १९२६ साली मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी स्त्रीने एक स्वयंपाकघर आखले. माप सुमारे सहा फूट बाय अकरा फूट. रेल्वेच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघरात इतक्या माणसांचे जेवण कसे होते, हे तिने पाहिले होते. बाईची पावले व वेळ मोजून तिने ओटा, मोरी, डबे यांच्या जागा ठरविल्या. आजच्या आधुनिक स्वयंपाकघराची ती आजी मानली जाते. तिच्याकडून शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे मोजण्याची वृत्ती. चहा करताना आपली आई किती वेळा वळते, वाकते, टाचा उंचावते हे एकदा मोजून पाहावे. रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आठवड्याला लागणारे त्याच्या वर, वर्षाला लागणारे माळ्यावर, एवढा बदल करावयास एक पैसाही लागत नाही.

ओट्याची उंची कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी. सरकारी ओटा सर्वांसाठी एकाच मापाचा असतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती ठेंगणी असेल तर तिला उभे राहावयास तीन इंच उंच, न हलणारा लाकडी पाट करून द्यावा. खांदे दुखणे थांबेल. भांड्यांची स्टीलची मांडणी आता जुनाट समजली जाते. पण भांडे निथळते, दिसते, हाताशी येते आणि झुरळांना अंधार मिळत नाही, हे तिचे गुण बंद कपाटात नाहीत.

९. आडोसा

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट १९७० साली आला. १९७२ मध्ये त्यावरून बासू चटर्जींनी हिंदीत ‘पिया का घर’ काढला. लहान घरात नवविवाहितांना एकांत मिळत नाही, हा त्याचा विषय. प्रेक्षक हसले, कारण ते सर्वांच्या घरचे होते. एकांत ही चैन नसून गरज आहे आणि ती नवविवाहितांपुरतीही नाही. आजीला कपडे बदलावयाचे असतात. आजोबांना दुपारी डोळे मिटावयाचे असतात. परीक्षेस बसलेल्या मुलीला दोन तास कोणी हाक मारू नये असे वाटते.

छताला बसविलेला एक रूळ आणि त्यावरून सरकणारा जाड पडदा खोलीचे हवे तेव्हा दोन भाग करतो. लाकडी पार्टिशन जागा कायमची खाते व वारा अडविते. पडदा संध्याकाळी गुंडाळला जातो.

अभ्यासाच्या जागेबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या वसाहतींतील मुलगे अभ्यासिकेत जातात, गच्चीवर जातात, बागेतील दिव्याखाली बसतात. रात्री उशिरा मुलींना ती मुभा बहुधा मिळत नाही. त्यांचा अभ्यास ओट्यावर, पलंगाच्या कडेवर, सर्व निजल्यावर मोरीलगतच्या दिव्यात होतो. तीच मुलगी ज्या घरात बसते त्या घरात सहा फूट भिंत शोकेसला दिलेली असते! ती शोकेस निघाली तर तेवढ्याच जागेत बिजागरीचे टेबल, वर पुस्तकांच्या दोन फळ्या आणि एक दिवा बसतो. टेबलाची उंची जमिनीपासून तीस इंच आणि खुर्चीची बैठक सतरा-अठरा इंच ठेवावी. मग तिचे तास घरातील सर्वांनी मिळून ठरवावेत आणि त्या वेळात दूरदर्शन संच बंद असावा. पुस्तकांच्या रांगेपेक्षा कोणती शोभा पाहुण्याला अधिक सांगते?

१०. ज्याला हात लावू नये

शेवटी काही धोक्याच्या सूचना. जागा वाढविण्यासाठी भिंत पाडण्याचा मोह टाळावा. जुन्या इमारतींत कोणती भिंत वरचा भार पेलते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. अभियंत्यास दाखविल्याशिवाय व परवानगीशिवाय एक वीटही हलवू नये. खांब व तुळई यांना माळ्यासाठी छिन्नी लावू नये. खिडकीच्या लोखंडी जाळीत आतून उघडणारी एक चौकट ठेवावी. आग लागली असता पूर्ण बंद जाळी पिंजरा ठरते. एकाच प्लगमध्ये फ्रिज, मिक्सर व इस्त्री जोडू नये. सामाईक जिन्यात व गॅलरीत कपाटे, सायकली रचून शेजाऱ्याची वाट अडवू नये. ती गॅलरीही आपल्या घराचा भाग आहे, पण सर्वांच्या घराचा. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया आवर्जून सांगत की उष्ण हवेच्या देशात आकाशाखालची मोकळी जागा हीसुद्धा खोलीच असते. वाळवणे, गप्पा, अभ्यास, बारसे या सर्वांना विक्रोळीच्या गॅलऱ्यांनी आणि चौकांनी आजवर जागा दिली. नव्या उंच इमारतींत ती जागा कमी होत आहे. तेव्हा जेथे ती आहे तेथे ती मोकळी ठेवणे हेही गृहसजावटीचेच काम मानावे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निघतात. आधी माप, मग वस्तू. जमीन मोकळी, भिंत कामाला. शक्य ती वस्तू मिटणारी किंवा दोन कामांची. एक रंग, भरपूर उजेड. जुने टिकाऊ असेल तर ते नव्या कर्जापेक्षा बरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईची पाठ, आजीचा आडोसा आणि शिकणाऱ्या मुलामुलीची फळी यांची सोय प्रथम, पाहुण्याची नंतर. पाहुणा अर्ध्या तासाने जातो.

या विषयाचा अभ्यास करावयास प्रयोगशाळा लागत नाही. येत्या सुटीत प्रत्येकाने एक मोजपट्टी, एक आलेखकागद व थोडा पुठ्ठा घ्यावा आणि आपल्याच घराचा नकाशा काढावा. त्यावर सामानाचे तुकडे ठेवून झाले की घरातील प्रत्येक माणसाच्या नावाचाही एक तुकडा कापावा, सहा बाय अडीचचा. मग तो कोठे बसतो ते पाहावे. ज्याच्या तुकड्याला जागा सापडत नाही, त्याच्यासाठी काय हलवावे लागेल हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे.